तट पुरला नाही असं शहर

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, ससेक्सच्या किनाऱ्यालगत, विंचेलसी नावाचं गाव एका टेकडीवर वसलेलं आहे. वस्ती सहाशेच्या आसपास. गावाला तीन जुने दरवाजे. त्यांतले दोन गावाच्या कडेला, चढण संपते तिथे आहेत. तिसरा, न्यू गेट, मात्र घरांपासून पार लांब दक्षिणेला, एका अरुंद रस्त्यावर एकटाच उभा आहे. दरवाजाच्या बाहेर शेतं आणि आतही शेतंच. आत शिरलं की गाव लागत नाही, कुरण लागतं.

गडांवर हिंडायची सवय असलेला माणूस दरवाजा दिसला की लगेच तटाचा अंदाज घ्यायला लागतो. तट कुठून आला असेल, कुठे वळला असेल, बुरूज कुठे, खंदक कुठे. विंचेलसीत हा अंदाज बसत नाही, कारण तट म्हणावं असं इथे फारसं काही दिसतच नाही. मग दरवाजा कशाला बांधला? आणि एवढ्या लांब का? या दोन प्रश्नांच्या मागे लागलं, की मध्ययुगात शहर कसं आखायचे, ते कोण राखायचं आणि राखण्याचा पैसा कुठून यायचा, हे सगळं एकाच टेकडीवर उलगडतं.

पाण्यात गेलेलं गाव

आज दिसतं ते दुसरं विंचेलसी. पहिलं होतं खाडीच्या तोंडाशी, लाटांनी आणून टाकलेल्या गोट्यांच्या दांड्यावर. बंदर भरभराटीचं होतं. मासळीचा धंदा होताच, पण खरा पैसा होता फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतातून येणाऱ्या वाइनमध्ये. त्या काळी इंग्लंडच्या राजाला जहाजं पुरवणारी पाच बंदरं होती: हेस्टिंग्ज, रॉमनी, हाइद, डोव्हर आणि सँडविच. त्यांना मिळून ‘सिंक पोर्ट्स’ म्हणत. राय आणि विंचेलसी ही दोन गावं पुढे त्यांच्या जोडीला आली. सगळ्यांनी मिळून वर्षातले १५ दिवस ५७ जहाजं राजाच्या चाकरीला द्यायची, दर जहाजावर २१ माणसं आणि एक पोऱ्या. त्याच्या बदल्यात करमाफी आणि आपला कारभार आपण बघण्याचे हक्क. राजाची चाकरी नसेल तेव्हा हीच जहाजं चाचेगिरीही करत. १२६६ मध्ये राजपुत्र एडवर्डाने या कारणासाठी विंचेलसीवर चालून जाऊन ते जिंकलंसुद्धा होतं.

समुद्राने मात्र कोणाचीच गय केली नाही. १२५० च्या वादळात तीनशेहून जास्त घरं गेल्याचं इतिवृत्तांत लिहिलेलं आहे. १२५२ मध्ये पुन्हा तडाखा बसला. दांडा वर्षागणिक झिजत चालला. शेवटी १२८७ च्या वादळाने उरलंसुरलं गाव गिळलं. त्याच वादळात रॉदर नदीनेही रॉमनीकडचं आपलं जुनं तोंड सोडलं आणि रायकडे वाट काढली.

पण तोवर निर्णय झालेला होता. पूर्वीचा राजपुत्र आता पहिला एडवर्ड म्हणून गादीवर होता आणि १२८० मध्येच त्याने हुकूम सोडला होता, की जवळच्या आयहॅमच्या टेकडीवर जमीन मिळवा, गाव तिथे हलवायचं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर हे एका अख्ख्या गावाचं पुनर्वसन होतं. बुडणाऱ्या गावातल्या माणसांना नव्या जागी भूखंड मिळणार होते.

आखणीसाठी १२८१ मध्ये तीन माणसं नेमली गेली. ती कोण होती हे बघण्यासारखं आहे. पहिला स्टीफन डी पेन्चेस्टर, सिंक पोर्ट्सचा मुख्य अधिकारी. दुसरा हेन्री ले वॉलिस, व्यापारी. लंडनचं महापौरपद त्याने भूषवलं होतंच, पण वाइन जिथून निघायची त्या बोर्दोचाही तो महापौर होऊन गेला होता. तिसरा इटिए बोशार, फ्रान्समधल्या अँगुलेमचा. एक बंदर जाणणारा, एक माल जाणणारा आणि एक गॅस्कनीच्या बाजूच्या नव्या शहरांची रीत जाणणारा. किल्ले बांधणारा गवंडी त्यांत नव्हता. पुढच्या दीडशे वर्षांत जे घडलं त्याचं बीज मला या तीन नावांतच दिसतं.

टेकडी का निवडली

आयहॅमची टेकडी समुद्रसपाटीच्या दलदलीत पुढे घुसलेल्या नाकासारखी आहे. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तिन्ही बाजूंना तीव्र उतार. उत्तरेच्या पायथ्याशी ब्रीड नदी. पूर्वेची आजची हिरवी कुरणं तेव्हा भरतीच्या पाण्याखाली जायची. जहाजं थेट टेकडीच्या पायथ्याला लागत. चौथी बाजू, दक्षिण, तेवढी मोकळी. तिकडे टेकडी मुख्य डोंगराला चिकटलेली आहे.

सह्याद्रीतला कुठलाही जुना गडकरी ही जागा बघून एकच गोष्ट म्हणाला असता: तीन बाजूंना निसर्गाने तट घातलाय, चौथ्या बाजूला खंदक मारा. इंग्रजांनीही तेच केलं. दक्षिणेच्या मानेवर आडवा खंदक खोदला आणि त्याच्या कडेला न्यू गेट उभारलं. उत्तरेकडे नदीवरच्या तरीकडे उतरणारा पाइपवेल गेट, आणि ईशान्येला बंदराकडे उतरणारा स्ट्रँड गेट. ‘स्ट्रँड’ म्हणजे काठ, धक्का. माल चढायचा तो याच दरवाजाने.

स्ट्रँड गेट आजही शाबूत आहे. साधारण १३०० च्या सुमाराचं बांधकाम. चार कोपऱ्यांवर चार गोल बुरूज आणि मधून अरुंद बोळकांडी. आत उभं राहून बाजूच्या भिंतींकडे नीट बघितलं तर दगडात उभ्या खाचा दिसतात. वरून जड जाळीचा दरवाजा खाली सोडायचा तो या खाचांतून सरकत यायचा. आजही गावात येणारी गाडी याच कमानीखालून जाते, आणि एका वेळी एकच जाऊ शकते. दरवाजाच्या पलीकडे पाऊल टाकलं की जमीन झपकन खाली उतरते, आणि समोर सपाट हिरव्या दलदलीच्या पल्याड साधारण तीन किलोमीटरवर रायची टेकडी दिसते.

एकोणचाळीस चौकोन

आता गावाच्या पोटात शिरू. इंग्लंडमधली बहुतेक जुनी गावं आपल्या पेठांसारखी वाढलेली आहेत, गल्लीला गल्ली जोडत, वाट जाईल तशी. विंचेलसी तसं नाही. इथे सरळ रेषेत जाणारे रुंद रस्ते एकमेकांना जवळपास काटकोनात छेदतात आणि त्यांच्यामध्ये चौकोन तयार होतात. असे ३९ चौकोन आखलेले होते आणि त्यांना क्रमांक होते. टेकडीच्या कडेला गेलं की रेषा उतारापुढे नमतात, चौकोन तिरपे होतात, काही अर्धवट राहतात. पण मधल्या भागात आजही नकाशा उघडला की दोरी ताणून आखल्याची खूण स्पष्ट दिसते.

ही रीत गॅस्कनीतली. एडवर्ड इंग्लंडचा राजा होता तसाच गॅस्कनीचा मालकही होता, आणि तिकडे त्या काळात अशी आखीव नवी शहरं धडाधड वसवली जात होती. त्यांना ‘बास्तिद’ म्हणतात. मधोमध बाजारचौक, भोवती चौकोन, चौकोनांत भूखंड. १२८४ मध्ये एडवर्डाच्याच वतीने वसलेलं मॉंपाझिए हे त्यातलं सुबक उदाहरण, आजही बघायला मिळतं. विंचेलसी त्याच कुळातलं, फक्त आकाराने फार मोठं.

चौकोन हा आकार लढाईसाठी सोयीचा म्हणून निवडला, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. लढाईचा विचार करणारा माणूस दरवाजापासून गावाच्या काळजापर्यंत सरळ रस्ता काढत नाही. तो वळणं घालतो, आडभिंती घालतो, शत्रूला अडखळायला लावतो. चौकोनाची सोय वेगळीच आहे आणि ती हिशेबाची आहे. चौकोनाला क्रमांक, चौकोनात भूखंड, भूखंडाला क्षेत्रफळ, क्षेत्रफळावर वार्षिक भाडं. १२९२ सालची भाड्याची यादी आजही उपलब्ध आहे. त्यात चौकोनागणिक भूखंड, त्यांचं माप, कोणाच्या नावावर आणि भाडं किती, हे ओळीने लिहिलेलं आहे. सगळे मिळून आठशेच्या आसपास भूखंड, बहुतेक टेकडीवर आणि थोडे खाली धक्क्यालगत. लोकांनी यावं, घरं बांधावीत म्हणून सुरुवातीची सात वर्षं भाडं माफ होतं. १२८८ मध्ये जागा रीतसर गावकऱ्यांच्या ताब्यात दिली गेली. आपल्याकडे जुन्या गावाचा सातबारा समोर धरला की जसं गाव डोळ्यांपुढे उभं राहतं, तसं त्या यादीने हे शहर उभं राहतं.

सगळे चौकोन घरांसाठी नव्हते. मधला एक अख्खा चौकोन सेंट थॉमस चर्चला दिला होता. चर्च भव्य करायचं ठरवलेलं होतं, एखाद्या कॅथीड्रलच्या तोडीचं. आज त्याचा फक्त पूर्वेकडचा भाग, म्हणजे वेदीची बाजू आणि तिच्या दोन्ही अंगांची दालनं, छपराखाली आहे. शेजारी आडव्या दालनांच्या उघड्या भिंती उभ्या आहेत. आत जर्व्हेस ॲलार्डची कोरीव समाधी आहे. तो याच गावचा, राजाच्या आरमाराच्या पहिल्या ॲडमिरलांपैकी एक. चर्चच्या आवारात आणखी एक कबर आहे जी मराठी माणसाने जरूर शोधावी: विनोदकार स्पाइक मिलिगनची. त्याचा जन्म १९१८ चा, अहमदनगरचा, आणि बालपणीची काही वर्षं पुण्यात गेलेली. २००२ मध्ये तो गेला आणि इथे विसावला. कबरीवर आयरिश भाषेत ओळ कोरलेली आहे: मी आजारी आहे असं सांगितलं होतं ना तुम्हाला.

पश्चिमेला सेंट जाइल्स नावाचं दुसरं चर्च होतं. फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता, त्याच्या प्रार्थनागृहाचे अवशेष अजून आहेत. सोमवारच्या बाजारासाठी मोकळी जागा राखलेली होती.

जमिनीखालचं गाव

विंचेलसीतली मला सगळ्यांत भावलेली गोष्ट मात्र जमिनीच्या वर नाही. घरं आता बहुतेक नंतरच्या काळातली आहेत, पांढऱ्या रंगाची, नीटनेटकी, पुढे फुलझाडं लावलेली. पण अनेक घरांच्या खाली तेराव्या-चौदाव्या शतकातली दगडी तळघरं आहेत. तीसहून जास्त तळघरांत आजही उतरता येतं. स्थानिक मंडळी ठरावीक दिवशी ती दाखवतातही.

रस्त्यावरूनच पायऱ्या खाली जातात. घरातून नव्हे, हे महत्त्वाचं. पायऱ्या रुंद, कारण त्यांवरून वाइनची पिंपं उतरवायची होती. खाली गेलं की डोक्यावर दगडी कमानींचं छत. कोपऱ्यांतून निघालेल्या दगडी फासळ्या वर जाऊन एकमेकींना भेटतात. भिंतीत दिवा ठेवायचा कोनाडा. रस्त्याच्या बाजूला वर एक छोटी खिडकी, तिच्यातून येणारा तिरका उजेड. बाहेर ऊन असो की बर्फ, आत गारवा तसाच. वाइनला हेच हवं असतं.

मोठ्या पिंपाला ‘टन’ म्हणत. एका पिंपात २५२ गॅलन वाइन मावायची. जहाजात अशी किती पिंपं मावतात यावरून जहाजाचं माप ठरायचं, आणि जहाजांच्या बाबतीत आपण आजही ‘इतक्या टनांचं जहाज’ म्हणतो ते तिथूनच आलं.

इतकं देखणं छत माल ठेवायच्या तळघराला का? माझा अंदाज असा, की काही तळघरं निव्वळ कोठारं नसावीत. गिऱ्हाइकाला खाली नेऊन, चव देऊन, सौदा करायची ती पेढी असावी. आणि अभ्यासकांना त्यांचा आणखी एक उपयोग झाला. वरची घरं जळली, पडली, नवी उठली, पण तळघर जागचं हललं नाही. त्यामुळे तळघरांची तोंडं जोडत गेलं, की मूळचा रस्ता कुठे होता आणि मूळचा भूखंड कुठून सुरू व्हायचा, ते कळतं. शहराचा पहिला नकाशा जमिनीखाली जपलेला आहे.

राजाचा घोडा

आता तटाकडे येऊ. १२९७ च्या उन्हाळ्यात एडवर्ड फ्लँडर्सच्या मोहिमेवर निघाला होता. आरमार विंचेलसीला जमलं होतं. राजा ते बघायला घोड्यावरून टेकडीच्या कडेने निघाला. तिथे एक पवनचक्की होती. वाऱ्याने तिची पाती जोरात फिरत होती, खडखडाट होत होता. घोडा बिचकला, पुढे जाईना. राजाने त्याला चाबूक आणि टाचा मारल्या. घोड्याने उडी घेतली ती थेट कठड्यावरून बाहेर.

बघणाऱ्यांना वाटलं, राजा संपला. पण खाली दरवाजातून उतरणारा रस्ता होता. उतार फार तीव्र म्हणून तो सरळ न काढता वळणावळणाने काढलेला. घोडा चारी पायांवर त्या रस्त्यावर पडला. नुकताच पाऊस झाला होता. चिखलावरून घोडा १२ फूट घसरत गेला, पण कोसळला नाही. राजाने लगाम खेचून त्याला वळवलं आणि दरवाजातून शांतपणे आत आला.

इतिवृत्तकाराने ही गोष्ट देवाची कृपा म्हणून लिहिली. आपल्याला तिच्यात दुसरंच काही सापडतं. त्याने जाता जाता सांगून टाकलंय, की टेकडीच्या कडेला दगडी भिंत नव्हती. तटासारखे रचलेले मातीचे बांध होते. आणि ते इतकेच उंच होते, की बिथरलेला घोडा स्वारासकट त्यावरून जाऊ शकला. शहर गावकऱ्यांच्या हाती येऊन नऊ वर्षं झाली होती आणि तट म्हणजे मातीचा बांध.

दगडी तट का नाही बांधला? इथे पैशाचा प्रश्न येतो. याच एडवर्डाने याच काळात वेल्समध्ये कॉन्वी हे शहर वसवलं. तिथे १२८३ ते १२८७ या चार वर्षांत १.३ किलोमीटर लांबीचा, २१ बुरुजांचा दगडी तट उभा राहिला. किल्ला आणि तट मिळून साधारण १५,००० पौंड लागले, आणि ते राजाने दिले. कारण कॉन्वी जिंकलेल्या मुलखात होतं. तिथला तट म्हणजे राजाचंच हत्यार. विंचेलसी मात्र व्यापाऱ्यांचं शहर. त्यांना राजाने पैसा दिला नाही, परवानगी दिली. गावात येणाऱ्या मालावर जकात बसवा आणि त्या उत्पन्नातून तट बांधा, अशी. या जकातीला ‘म्युरेज’ म्हणत. ठरावीक वर्षांसाठी परवाना मिळायचा, मुदत संपली की पुन्हा अर्ज. ज्या वर्षी व्यापार चांगला त्या वर्षी तट चार हात वाढायचा. ज्या वर्षी युद्ध, म्हणजे ज्या वर्षी तटाची खरी गरज, त्या वर्षी माल येत नसे आणि पैसाही येत नसे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे आणि ती भूमितीची आहे. कॉन्वीच्या तटाच्या आत आहे साधारण २५ एकर जागा. विंचेलसीचा विस्तार साधारण १५० एकर. आता गणित करून बघा. दिलेल्या क्षेत्रफळाला सर्वांत कमी घेर लागतो तो वर्तुळाचा. १५० एकरांचं वर्तुळ काढलं तरी घेर पावणेतीन किलोमीटर भरतो, आणि विंचेलसी तर लांबट आहे, म्हणजे तीन किलोमीटरच्या पुढेच. दर तीन मीटरवर एक माणूस उभा करायचा म्हटलं तर एका वेळी हजार माणसं लागतात. दिवस-रात्र पाळ्या लावल्या तर दोन हजार. इतके धडधाकट पुरुष या गावाने आणायचे कुठून? आणि त्यातले बरेचसे खलाशी. समुद्र शांत असतो त्या महिन्यांत ते घरी नसायचे, आणि समुद्र शांत असतो त्याच महिन्यांत शत्रूची गलबतंही यायची.

म्हणजे विंचेलसीचा घेर पहिल्या दिवसापासूनच त्याच्या माणसांना पुरणारा नव्हता. उतार उभे होते, बांध होते, दरवाजे मजबूत होते. पण उतार स्वतः लढत नाही; त्याच्या माथ्यावर कोणीतरी उभं असावं लागतं.

आग

१३३७ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध सुरू झालं. वाइनचा रस्ता तोच आता शत्रूचा रस्ता झाला. १३४८-४९ मध्ये प्लेगने माणसं नेली ती वेगळीच. आधीच लांब पडणारा घेर राखायला आणखी कमी हात उरले. १३५० मध्ये तिसऱ्या एडवर्डाने याच किनाऱ्यासमोर स्पॅनिश जहाजांचा पराभव केला, ती लढाई ‘विंचेलसीची लढाई’ म्हणून ओळखली जाते.

१३६० च्या मार्चमध्ये, इंग्लंडचा राजा फौज घेऊन फ्रान्समध्ये असताना, फ्रेंचांनी विंचेलसी गाठलं. लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले असताना कापाकापी झाली, असं सांगतात. स्थानिक आठवण ती घटना सेंट जाइल्स चर्चशी जोडते. त्या चर्चचा आज मागमूस नाही, पण तिथून जाणाऱ्या वाटेला ‘मेलेल्यांची गल्ली’ हे नाव अजून आहे.

१३७७ मध्ये फ्रेंचांनी राय जाळलं आणि मोर्चा विंचेलसीकडे वळवला. त्या खेपेला जवळच्या बॅटल नावाच्या गावातल्या मठाचा प्रमुख, हेमो, शस्त्रधारी माणसं घेऊन वेळेवर पोचला आणि गाव वाचलं. तिथेही मुद्दा तोच होता: तट होता तितकाच होता, उभी राहायला माणसं आली एवढाच फरक. तीन वर्षांनी, १३८० मध्ये, हल्ला पुन्हा झाला आणि या वेळी गाव जळलं. पाइपवेल गेट नंतर नव्याने बांधावा लागला. आजचा चौकोनी, साधा दरवाजा तो हाच. त्याच्या दर्शनी बाजूला दगडी ढालीवर जॉन हेल्ड या महापौराचं नाव कोरलेलं आहे.

यानंतर गावाने जो निर्णय घेतला तो मला फार शहाणपणाचा आणि फार दुःखाचा वाटतो. १४१५ मध्ये पाचव्या हेन्रीच्या काळात ठरलं, की गाव आखडून घ्यायचं. सगळा घेर राखणं जमणार नाही. मग टेकडीच्या उत्तर भागापुरताच नवा, लहान तट घालायचा. म्हणजे दक्षिणेचे चौकोन, तिथले भूखंड, रस्ते आणि न्यू गेट, सगळं तटाबाहेर सोडायचं. ज्या शहराची आखणी १५० एकरांच्या स्वप्नावर झाली होती, त्याने स्वतःच्या हाताने त्यातला मोठा तुकडा वजा केला. नवा तटही पूर्ण झाला नाही.

समुद्राने सोडलं

तट अपुरा राहिला म्हणून विंचेलसी संपलं, असं म्हणता येणार नाही. जळालेली बंदरं पुन्हा उभी राहतात. रायही उभं राहिलं. विंचेलसीला शेवटचा धक्का दिला तो गाळाने.

भरतीचं पाणी खाडीत येतं तेव्हा गाळ घेऊन येतं. ओहोटीला तेच पाणी जोराने परत जाताना गाळ खरवडून बाहेर नेतं. खाडीच्या पोटात जितकं जास्त पाणी शिरेल, तितका परतीचा जोर मोठा आणि बंदर तितकं खोल. पण खाडीच्या काठची दलदल म्हणजे उत्तम चराऊ जमीन, फक्त पाणी अडवलं पाहिजे. जमीनमालक बांध घालत गेले. कोकणातली खारभूमी मिळवायची तीच ही रीत. एकेक बांध पडला की भरतीला शिरायला तितकी जागा कमी, पाणी कमी, ओहोटीचा जोर कमी, गाळ जास्त. एकाही मालकाने बंदर मारायचं ठरवलं नव्हतं. प्रत्येकाने फक्त आपली कुरणं वाढवली. सोळाव्या शतकात मोठी जहाजं धक्क्याला लागेनाशी झाली.

त्याच शतकात आठव्या हेन्रीने खाडीच्या तोंडावर कँबर किल्ला बांधला, आधी १५१२ ते १५१४ मध्ये एक बुरूज आणि मग १५३९ ते १५४३ मध्ये त्याभोवतीचा विस्तार. समुद्र त्यालाही सोडून गेला. १६३७ मध्ये तो बंद केला. आज तो कुरणाच्या मधोमध आहे आणि त्याच्या तोफांच्या जागांसमोर मेंढ्या चरतात.

गाव आकसलं तरी त्याचे हक्क कागदावर तसेच राहिले. मूठभर मतदारांचं हे गाव १८३२ पर्यंत संसदेवर दोन सदस्य निवडून पाठवत होतं. महापौर तर आजही निवडला जातो, दर ईस्टरच्या सोमवारी. १७९० मध्ये ८७ वर्षांचे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी उघड्यावरचं आपलं शेवटचं प्रवचन इथेच, चर्चशेजारच्या झाडाखाली दिलं. थोड्याच वर्षांत नेपोलियनची धास्ती आली तेव्हा टेकडीच्या पायथ्याची ब्रीड नदी लष्करी कालव्याच्या साखळीत जोडली गेली. इतक्या शतकांनंतर टेकडी पुन्हा एकदा पहाऱ्यावर उभी राहिली होती.

कधी तिकडे जाणं झालं तर सगळे सुरू करतात तिथून, स्ट्रँड गेटपासून, सुरू करू नका. आधी दक्षिणेला न्यू गेटला जा. दरवाजाशेजारचा खंदक अजून ओळखू येतो, झाडाझुडपांनी भरलेला. मग दरवाजातून आत या आणि उत्तरेकडे चालू लागा. कुरणात जमिनीला लांबट खळगे दिसतील. ते रस्ते होते. त्यांच्या बाजूला सपाट उंचवटे दिसतील, ते भूखंड. सकाळच्या तिरक्या उन्हात ते चांगले दिसतात. वाटेत सेंट जॉन रुग्णालयाची एकच त्रिकोणी माथ्याची भिंत रस्त्याकडेला उभी असलेली दिसेल. तिथून पुढेही चालत राहा आणि पहिलं नांदतं घर लागेपर्यंत पावलं मोजा.